मेंदूचा नकाशा आणि डोंगरातली वाट

धडगावच्या आमच्या धर्मग्रामात लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी वर्षातून दोन वेळा शिबिर भरते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून जोडपी येतात, दोन दिवस राहतात, प्रश्न विचारतात, आणि संसाराची थोडी शिदोरी घेऊन परत जातात. या शिबिरातील ‘पुरुषाचे मन आणि स्त्रीचे मन’ हा पाठ अनेक वर्षे आम्ही स्वतः घेत आलो. त्यासाठी वर्तमानपत्राचे एक कात्रण आम्ही जपून ठेवले होते. २०१३ सालच्या डिसेंबरात जगभरच्या वर्तमानपत्रांतून गाजलेल्या एका संशोधनाची ती बातमी होती. पुरुषाच्या मेंदूतील तारा पुढून मागे धावतात, स्त्रीच्या मेंदूतील तारा डावीकडून उजवीकडे; म्हणून पुरुषाला नकाशा कळतो आणि स्त्रीला माणूस कळतो, असा तिचा मथितार्थ. हे सांगितले की मुले हसत, मुली मान खाली घालत, आणि पाठ रंगे. विज्ञानही आता आपल्याच बाजूने बोलू लागले, याचे आम्हांस समाधान वाटे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला. आमच्या धर्मग्रामातील एका मुलीला गणितात उत्तम गुण मिळाले. तिला नंदुरबारला विज्ञान शाखेत घालावे असे तिच्या शिक्षकांनी सुचविले. वडील मात्र तयार होईनात. त्यांची समजूत काढावी म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत होत्या आणि ती मुलगी आईबरोबर त्या परतीत होती. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिले, आणि आमचे सारे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “फादर, तुम्हीच तर शिबिरात सांगितलं होतं. पोरींचा मेंदू हिशोबाचा नसतो, माणसं सांभाळायचा असतो. आता तुम्हीच उलटं बोलता?”

हे शब्द आम्ही उच्चारलेले नव्हते. परंतु आमच्या पाठातून त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता, असेही आम्हांस म्हणता येईना. त्या गृहस्थांनी ऐकलेल्या उपदेशाचा सरळ अर्थ घेतला होता. आम्ही मात्र ज्या संशोधनाच्या जोरावर उपदेश केला, ते मूळ संशोधन कधी वाचलेच नव्हते. एका डॉक्टर मित्राच्या साह्याने आम्ही ते मिळविले आणि त्याच्याशी संबंधित इतर लेखनही वाचले. त्या वाचनाचा हिशेब वाचकांपुढे ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

मूळ निबंध काय सांगतो

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. संशोधन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील, रागिणी वर्मा यांच्या गटाचे. निबंधावरील पहिले नाव वाचून कोणाही मराठी वाचकास अभिमान वाटावा: मधुरा इंगळहळीकर. पुढे पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय प्रतिमांच्या विश्लेषणाच्या केंद्राची धुरा वाहिली. तेव्हा हे दूरदेशीचे प्रकरण आहे असे आपण समजू नये. मेंदूतील स्त्रीपुरुषभेदाविषयी या शतकात सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या निबंधांपैकी एकावर आपल्याच भाषेच्या घरातील एका विदुषीचे नाव आहे.

निबंधातील काम मोठ्या कष्टाचे आहे. आठ ते बावीस वर्षे वयाच्या ९४९ मुलामुलींच्या मेंदूंची चित्रे घेण्यात आली; त्यांत ५२१ मुली व ४२८ मुलगे होते. मेंदूच्या पांढऱ्या भागात मज्जातंतूंच्या जुड्या असतात. या जुड्यांच्या दिशेने पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे तितके सरकत नाहीत. चुंबकीय यंत्राने पाण्याची ही हालचाल टिपली की तंतूंचे मार्ग कसे असावेत याचा अंदाज बांधता येतो. अशा अंदाजांवरून प्रत्येक मेंदूतील जोडण्यांचा नकाशा तयार करून मुलगे आणि मुली या दोन गटांची तुलना करण्यात आली. सरासरीने पाहता, मोठ्या मेंदूच्या एकाच अर्धगोलातील जोडण्या मुलग्यांत अधिक बळकट आढळल्या, तर दोन अर्धगोलांना सांधणाऱ्या जोडण्या मुलींत अधिक. लहान मेंदूत याच्या उलट आढळले. तेरा वर्षांखालील मुलांत हा फरक फारसा नव्हता. पौगंडावस्थेत आणि त्यानंतर तो ठळक झाला.

येथपर्यंत निरीक्षण आहे, आणि ते काळजीपूर्वक केलेले आहे. यानंतर निबंध एक पाऊल पुढे टाकतो. पुरुषाच्या मेंदूची रचना ग्रहण आणि कृती यांचा मेळ घालण्यास अनुकूल आहे, स्त्रीच्या मेंदूची रचना विश्लेषण आणि अंतःस्फूर्ती यांचा मेळ घालण्यास अनुकूल आहे, असे त्यात सुचविले आहे. विद्यापीठाने वार्ताहरांसाठी काढलेल्या पत्रकात त्यापुढचे पाऊल पडले, वर्तमानपत्रांनी आणखी एक टाकले, आणि शेवटचे पाऊल धडगावच्या शिबिरात आम्ही टाकले. पाण्याच्या रेणूंपासून एका मुलीच्या प्रवेश अर्जापर्यंतचा प्रवास असा चार पावलांत झाला.

चित्रात जे काढले नाही

एखादी कादंबरी वाचताना लेखकाने काय सांगितले याबरोबर काय वगळले हेही आपण पाहतो. हाच निकष आम्ही येथे लावून पाहिला. या निबंधातील एक आकृती विलक्षण गाजली. वरच्या बाजूस पुरुषाचा मेंदू, त्यात पुढेमागे धावणाऱ्या निळ्या रेषा; खालच्या बाजूस स्त्रीचा मेंदू, त्यात आडव्या जाणाऱ्या नारिंगी रेषा. पाहणाऱ्यास वाटावे की ही दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांची डोकी आहेत. परंतु त्या आकृतीत मेंदूतील सर्व जोडण्या नाहीतच. ज्या जोडण्यांत दोन गटांच्या सरासरीत फरक आढळला, तेवढ्याच तेथे काढलेल्या आहेत. ज्या जोडण्यांत असा फरक आढळला नाही, त्या काढल्याच नाहीत. निबंधाने हे लपविलेले नाही. वाचणाऱ्यास ते कळते. कात्रण कापणाऱ्यास मात्र ते कळत नाही, आणि आम्ही कात्रण कापणारे होतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. आमच्या भागात आमचुराचा मोठा व्यवसाय चालतो. दोन झाडांच्या कैऱ्यांचे दोन ढीग घातले आणि वजन केले, तर एका ढिगातील कैरी सरासरीने थोडी जड भरेल. ते खरेच असते. पण दोन्ही ढीग मिसळून त्यातील एक कैरी हाती दिली, तर ती कोणत्या झाडाची हे केवळ वजनावरून सांगता येत नाही. कारण दोन्ही झाडांवर लहान आणि मोठ्या अशा दोन्ही कैऱ्या लागतात. तेल अवीव विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ डाफ्ना जोएल आणि त्यांचे सहकारी तारॅश यांनी २०१४ साली त्याच नियतकालिकात पत्र लिहून या निबंधावर नेमका असाच आक्षेप घेतला. सरासरीतील फरक सांगितला, पण दोन गट एकमेकांत किती मिसळलेले आहेत हे पुढे आले नाही, अशी त्यांची तक्रार होती. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. हजारभर मुलामुलींच्या सरासरीवरून अंगणात कैरी परतणाऱ्या एका मुलीविषयी काहीही ठरत नाही.

तिसरी गोष्ट वयाची. फरक तेरा वर्षांनंतर ठळक होतो. याचे कारण पौगंडावस्थेतील संप्रेरके असू शकतील. तेरा वर्षे मुलगा म्हणून किंवा मुलगी म्हणून वाढण्यात जे घडते, तेही असू शकेल. दोन्ही एकत्र असण्याचा संभव बराच आहे. एकेकदा घेतलेल्या चित्रावरून कारण सांगता येत नाही. ‘जन्मतःच असे असते’ हे वाक्य आम्ही शिबिरात कित्येकदा उच्चारले. त्याला या निबंधात आधार नाही.

चौथी गोष्ट वर्तनाची. ही मुले ज्या मोठ्या अभ्यासातून निवडली होती, त्यात स्मरण, लक्ष, चेहरे ओळखणे, अवकाशाची जाण इत्यादींच्या चाचण्याही घेतल्या होत्या. काहींत मुली सरस ठरल्या, काहींत मुलगे. पण हे फरक बहुतांशी लहान होते. तारांचा अमुक फरक हेच चाचणीतील अमुक फरकाचे कारण, असे निबंधाने सिद्ध केलेले नाही. तार आणि वर्तन यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे, आणि बातमीने तिच्यावर विनोदाचा पूल बांधला.

आमच्या सातपुड्यात हा विनोद तसाही टिकत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका मरणासन्न वृद्धाला रुग्णाभ्यंग संस्कार देण्यासाठी आम्हांस रात्री एका दूरच्या पाड्यावर जावे लागले. रस्ता वाहून गेला होता. त्या पाड्यावरच्या आशाताई पुढे आणि आम्ही मागे, असे दोन डोंगर आम्ही ओलांडले. कोणत्या नाल्याला उतार आहे, कोठे दरड सैल आहे, हे त्यांना अंधारात ठाऊक होते. आम्ही बॅटरी हातात असून चुकत होतो. एका बाईवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. पण लंडनच्या टॅक्सीचालकांवरील इलिनॉर मॅग्वायर यांचा २०००चा प्रसिद्ध अभ्यास येथे आठवतो. त्या शहराच्या हजारो गल्ल्या पाठ असलेल्या चालकांत, वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. सराव मेंदूलाही घडवितो, याची ती ठळक खूण मानली जाते. आशाताई रोज डोंगर चालतात, आणि आम्ही जीपमध्ये बसतो.

जुनी तराजू

स्त्रीच्या डोक्याचे वजन करण्याचा हा खटाटोप नवा नाही. १८८७ साली इंग्लंडात जॉर्ज रोमेन्स या नामांकित शास्त्रज्ञाने स्त्रीचा मेंदू पुरुषाच्या मेंदूपेक्षा सुमारे पाच औंसांनी कमी भरतो, यावरून तिची बुद्धी कमी असणार असा निष्कर्ष मांडला. वजनातील फरक खोटा नव्हता. आजच्या मोजमापांतही पुरुषाचा मेंदू सरासरीने सुमारे अकरा टक्के मोठा भरतो. पण २०२१ साली लीझ एलियट आणि सहकाऱ्यांनी तीन दशकांच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात असे दिसले की आकाराचा हा फरक वजा केला की उरलेल्या भेदांपैकी जेमतेम एक टक्का स्त्री वा पुरुष असण्याने स्पष्ट होतो. रोमेन्स यांची तराजू बरोबर होती. त्यांनी लावलेला अर्थ चुकला होता.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? रोमेन्स यांच्या पाच वर्षे आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. जे दुर्गुण स्त्रीच्या स्वभावाचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. परंतु तुलना करायची तर दोन्ही पारडी एकाच मापाने तोलली पाहिजेत, ही शास्त्राची पहिली अट त्यांनी रोमेन्स यांच्याहून अधिक चोख पाळली, असे आम्हांस वाटते.

दुसरे नाव इरावती कर्वे यांचे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून वाचकांस त्या परिचित आहेतच. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या डाव्याउजव्या बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ असल्याची खूण कवटीच्या या असमानतेत सापडेल, अशी गुरूंची धारणा होती. शिष्येने कवट्या मोजल्या आणि तसे काही आढळत नाही असे लिहिले. परक्या देशातील तरुण विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या आवडत्या मताविरुद्ध आपली मोजमापे ठेवणे सोपे नव्हते. पुढे याच इरावतीबाईंनी पश्चिम खानदेशातील भिल्लांचाही अभ्यास केला. आमचा अक्राणी महाल त्या काळी त्याच जिल्ह्यात होता. त्यांचा विषय वंशाचा, येथील विषय लिंगभेदाचा. पण धडा एकच आहे. जे सापडावे अशी आपली इच्छा असते, तेथे मोजपट्टी अधिक सावधपणे धरली पाहिजे.

दुसऱ्या पक्षाचीही परीक्षा

येथवर वाचून कोणी म्हणेल की फादर आता दुसऱ्या टोकाला गेले. तसे होऊ नये म्हणून दुसऱ्या पक्षाचे ग्रंथही आम्ही तितक्याच कसोटीने वाचले. जोएल यांनी २०१५ साली चौदाशेहून अधिक मेंदूंच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भागांत स्त्रीपुरुषांमध्ये सर्वाधिक फरक दिसतो तेच भाग त्यांनी निवडले, आणि एकाच व्यक्तीच्या मेंदूत ते सर्व भाग एकाच टोकाचे असतात काय हे पाहिले. असे मेंदू निरनिराळ्या नमुन्यांत शून्य ते आठ टक्केच निघाले. बहुतेकांच्या मेंदूत काही भाग स्त्रियांत अधिक आढळणाऱ्या प्रकारचे, काही पुरुषांत अधिक आढळणाऱ्या प्रकारचे, तर काही मधले होते. जोएल यांनी याला मोझॅकची उपमा दिली. आम्हांस आपली गोधडी आठवते: आईच्या लुगड्याचा तुकडा, बापाच्या सदऱ्याचा तुकडा, आणि प्रत्येक घरची गोधडी निराळी.

ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या मेंदूशास्त्रज्ञ जीना रिपन यांचा २०१९चा ‘द जेंडर्ड ब्रेन’ हा ग्रंथ याच विचाराचा विस्तार करतो. शास्त्राच्या नावाखाली स्त्रियांविषयी जी जी मते गेल्या दोन शतकांत प्रचलित झाली, त्यांचा इतिहास रिपन यांनी मोठ्या मार्मिकपणे लिहिला आहे. एक समज खोडला की तोच नव्या यंत्राच्या आधाराने पुन्हा डोके वर काढतो, हे त्यांचे निरीक्षण आमच्या कात्रणाला तंतोतंत लागू पडते.

तरीही दोन आक्षेप नोंदविले पाहिजेत. पहिला जोएल यांच्या मोजणीविषयी. सुटे तुकडे पाहिले तर गोधडी दिसते, हे मान्य. पण सर्व तुकडे एकत्र घेऊन संगणकाला विचारले, तर मेंदू स्त्रीचा की पुरुषाचा हे तो बऱ्याच वेळा बरोबर ओळखतो. २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील विनोद मेनन यांच्या गटाने तर नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा अचूक उत्तर देणारी पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे फरक मुळीच नाही, असे म्हणता येत नाही. मात्र या ओळखण्याचा अर्थ काय होतो तोही नीट समजून घ्यावा. पडद्याआडून आवाज आला की तो बाईचा की पुरुषाचा हे आपण सहसा ओळखतो. पण त्यावरून कोण सुरात गाईल हे कळत नाही. ओळखता येणे वेगळे आणि कुवत ठरविणे वेगळे.

दुसरा आक्षेप रिपन यांच्या झुकावाविषयी. समाजाच्या प्रभावाला त्या इतके महत्त्व देतात की शरीराचे स्वतःचे म्हणणे कधी कधी ऐकू येईनासे होते. कॅलिफोर्नियातील मेंदूशास्त्रज्ञ लॅरी केहिल यांनी त्यांच्यावर यासाठी कठोर टीका केली. ती आम्हांस सर्वस्वी अनाठायी वाटत नाही, कारण भेद दुर्लक्षिल्यानेही स्त्रियांचे नुकसान होते. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचे उदाहरण घ्या. स्त्रियांच्या शरीरातून ते अधिक सावकाश बाहेर पडते, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्म्यावर आणली. औषध तोपर्यंत वीसेक वर्षे बाजारात होते. रिपन यांनीही २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या पुस्तकात स्वमग्नतेच्या बाबतीत मुली कशा दुर्लक्षित राहिल्या हे मांडले आहे. हा विकार मुलग्यांचा, असा समज झाल्याने मुलींकडे कोणी नीट पाहिलेच नाही. म्हणजे भेद फुगविला तरी मुलीचे नुकसान, आणि मुलगी कशी आहे हे न पाहताच ठरविले तरी तिचेच नुकसान.

श्रद्धेचा संबंध कोठे येतो

वाचक विचारतील, की हे सारे शास्त्रज्ञांचे भांडण. त्यात धर्मगुरूने का पडावे? कारण आम्ही त्यात आधीच पडलेलो आहोत. त्या निबंधाबरोबरच्या पत्रकात ‘परस्परपूरकता’ असा शब्द होता. हा आमच्याही घरातला शब्द. १९९०च्या दशकात गुरुविद्यालयात शिकताना विवाह संस्काराच्या संदर्भात तो आम्ही अनेकदा ऐकला. तोच शब्द यंत्राच्या तोंडून ऐकताच आम्ही पुढची चौकशी केली नाही. परीक्षणाच्या भाषेत बोलायचे तर आम्ही त्या निबंधाचे वाचक नव्हतोच. आपले मत दुसऱ्याच्या अक्षरात पाहून खूश झालेले लोक होतो.

पती आणि पत्नी एकमेकांस पूरक होतात, हे आम्ही आजही मानतो. पण त्या पूरकतेचा पाया प्रेम आणि दिलेला शब्द हा आहे. मज्जातंतूंच्या दिशेवर तो उभा नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्मिले, स्त्री व पुरुष असे निर्मिले, असे सांगितले आहे. तेथे बुद्धी एकाला आणि हृदय दुसरीला अशी वाटणी नाही; प्रतिरूप दोघांनाही संपूर्ण दिले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या पत्रात शरीराचे लिंग आणि समाजाने दिलेली भूमिका यांत फरक करता येतो, पण त्यांची पूर्ण ताटातूट करता येत नाही, अशी भूमिका घेतली. त्याच पत्रात पुढे, पुरुषत्व आणि स्त्रीत्व यांना ताठर चौकटीत कोंडू नये, घरकाम केल्याने वा मुले सांभाळल्याने पतीचे पौरुष कमी होत नाही, असेही सांगितले. शिबिरात आम्ही पहिला भाग आवर्जून सांगत असू. दुसऱ्या भागावर वेळ संपे.

याबाबतीत आम्हांस एका धन्यवादिताची आठवण होते. डेन्मार्कचे निकोलस स्टेनो हे सतराव्या शतकातील थोर शरीरशास्त्रज्ञ. १६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांपुढे मेंदूवर व्याख्यान देताना, या विषयातील आपले अज्ञान उघडपणे कबूल करून त्यांनी सुरुवात केली. मेंदूविषयी ज्या मोठमोठ्या उपपत्ती तेव्हा मांडल्या जात होत्या, त्या प्रत्यक्ष विच्छेदनात आढळणाऱ्या रचनेशी जुळत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. हेच स्टेनो पुढे कॅथलिक झाले, धर्मगुरू झाले, १६७७ साली महागुरू झाले. आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ‘मला माहीत नाही’ असे म्हणणारा शास्त्रज्ञ ख्रिस्तसभेने वेदीवर बसविला आहे. आम्हा प्रवचनकारांना मात्र ते तीन शब्द उच्चारणे जड जाते.

शेवटी त्या मुलीविषयी

२०११च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत नंदुरबार जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत तळाशी होता. आमच्याकडे लग्नात हुंडा नसतो, मुलीच्या बापाला देज मिळते, म्हणून येथे स्त्रीचा मान मोठा, असे बाहेरचे लोक कौतुकाने म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मान आहे म्हणून शाळाही मिळते, असे नाही. अशा ठिकाणी मुलीला मागे ठेवण्यासाठी कारणांची वाण कधीच नसते: अंतर, खर्च, धाकटी भावंडे, आमचुराचा हंगाम. त्यांत आम्ही मेंदूचे एक कारण जोडले, आणि तेही देवाच्या माणसाच्या तोंडून.

वाचन संपल्यावर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. खाटेवर बसून वडिलांना सांगितले, की आम्ही शिबिरात सांगितले ते नीट न वाचता सांगितले होते, ते चूक होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, शिबिरात सगळ्यांसमोर बोलला होता. हेही सगळ्यांसमोर सांगा.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढच्या रविवारी मिस्साबलीनंतर आम्ही ते सर्वांसमोर सांगितले. तोवर प्रवेशाची मुदत निघून गेली होती. यंदा ती मुलगी नंदुरबारला अकरावी विज्ञानला आहे. तिचे एक वर्ष गेले, ते आमच्या खाती आहे.

शिबिरातील तो पाठ आता एक आशाताई आणि एक शिक्षक असे दोघे मिळून घेतात. जोडप्यांना एक साधा प्रश्न दिला जातो: आपल्या भावी जोडीदाराला काय चांगले जमते, हे त्याला वा तिलाच विचारून लिहा. मागच्या वेळी एका मुलाने लिहिले की त्याला स्वयंपाक जमतो. एका मुलीने लिहिले की तिला मोटर दुरुस्त करता येते. मुले याही वेळी हसली. पण या वेळी मान खाली घालण्याची पाळी कोणावर आली नाही.

धर्मग्रामातील आईवडिलांना आमची विनंती एवढीच आहे. मेंदूविषयी काही छापून आले आणि त्यावरून आपल्या मुलीचा वा मुलाचा मार्ग ठरवावासा वाटला, तर आधी त्या लेकराची वही उघडून पाहा. आणि सांगणारा धर्मगुरू असला, तर हे तुम्ही कोठे वाचले, असे त्याला अवश्य विचारा.